निवळशंख पाणी आणि खोटा मासा

आजचा भाग मासेमारीच्या इतिहासावर आहे, आणि तो सुरू होतो माझ्या फजितीपासून.

मी राहते मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या जवळ. तिथून लेक सेंट क्लेअर फार लांब नाही. काही अमेरिकेत, काही कॅनडात पसरलेला, तसा उथळच तलाव. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात शेजारचे काका मला त्यांच्या बोटीतून बास पकडायला घेऊन गेले. जायच्या आधी मी दुकानातून पेटीभर ल्यूर आणले होते. ल्यूर म्हणजे खोटं आमिष: लाकडाचा, प्लास्टिकचा किंवा रबरासारखा लिबलिबीत, गळ बसवलेला मासा, बेडूक नाहीतर किडा. मी अर्थातच मला आवडले ते घेतले. झगझगीत नारिंगी, पोपटी, एक तर चक्क पैठणीच्या काठासारखा. काकांनी पेटी उघडली, पाहिली, बंद केली आणि विचारलं, "हे तू माशांसाठी घेतलेस की स्वतःसाठी?"

पाणी इतकं निवळशंख होतं की तळाचे दगड मोजता यावेत. त्यामुळे माझा अपमानही मला स्पष्ट दिसला. बास यायचा, माझ्या नारिंगी ल्यूरच्या मागे वाव-दोन वाव चालायचा, थांबायचा, आणि सावकाश वळून निघून जायचा. असं दुपारपर्यंत चाललं. गढूळ पाण्यात निदान मासा आलाच नाही असं समजून घरी जाता येतं. इथे तो येऊन, बघून, नाही म्हणून जात होता.

आधी एक खुलासा. हा बास म्हणजे आपला जिताडा नव्हे, आणि हॉटेलात मिळणारा बासा तर नव्हेच नव्हे. हा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. त्यात मुख्य दोन: लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचा, आणि स्मॉलमाउथ. 1881 मध्ये जेम्स हेन्शल नावाच्या डॉक्टरांनी त्याच्यावर एक सबंध पुस्तक लिहिलं, आणि तेव्हापासून अमेरिकन लोकांचं त्याच्यावरचं प्रेम वाढतच गेलेलं आहे.

तर काकांचा तो प्रश्न मला सोडेना. ल्यूर निवडतं कोण, माणसाचा डोळा की माशाचा? वाचायला लागले तेव्हा लक्षात आलं की या धंद्याचा दीडशे वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो, आणि खरी परीक्षा होते ती निवळ पाण्यात. गढूळ पाण्यात बास आवाजावर, पाण्याच्या हादऱ्यावर झडप घालतो. ल्यूर खडखडला, थरथरला की काम भागतं. निवळ पाण्यात त्याला बघायला वेळ मिळतो.

सुरुवातीला ल्यूर बनवणाऱ्यांना वाटलं, हुबेहूब मासा करावा. मिशिगनमध्येच डोवाजॅक नावाचं गाव आहे. तिथले जेम्स हेडन मुळात मधमाश्या पाळणारे. दंतकथा अशी की गिरणीच्या तळ्याकाठी बसून ते सुरीने लाकूड तासत होते, हातातला तुकडा सहज पाण्यात भिरकावला आणि बासने त्यावर झेप घेतली. खरंखोटं देव जाणे, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या कंपनीचे लाकडी ल्यूर अमेरिकाभर जात होते. काचेचे डोळे, थरावर थर रंग. इंडियानातल्या क्रीक चब कंपनीने पुढची पायरी गाठली. ल्यूरवर जाळीचं कापड ताणायचं आणि वरून रंग फवारायचा. कापड काढलं की खाली खवले तयार! रांगोळीच्या छापासारखीच युक्ती. आज ते ल्यूर लिलावात विकले जातात आणि खरोखर सुंदर दिसतात. पण मला शंका येते की ते खवले माशापेक्षा दुकानाच्या काचेपलीकडच्या गिऱ्हाइकासाठी जास्त होते.

मग 1930 च्या दशकात हेडन कंपनीने लाकूड सोडून प्लास्टिक घेतलं. ते अर्धपारदर्शक होतं, ल्यूर भुतासारखा दिसायचा, म्हणून नाव पडलं स्पूक, म्हणजे भूतच. त्यातला 1939 चा झारा स्पूक आजही विकला जातो. त्याच्याकडे मी परत येणार आहे, लक्षात ठेवा.

त्याच सुमाराला तिकडे फिनलंडमध्ये लाउरी रापाला नावाचा गरीब मच्छीमार पायएने सरोवरावर जाळी टाकत होता. त्याने पाहिलं की शिकारी मासा थव्यातल्या धडधाकट पिल्लांना सोडतो आणि एखादं लंगडत पोहणारं असेल त्याच्यावर जातो. 1936 मध्ये त्याने बुचाचा ल्यूर कोरला, चॉकलेटच्या चांदीने मढवला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. मला इथे महत्त्वाचं वाटतं ते हे: त्याने माशाचं रूप नाही, माशाची चाल उचलली. 1962 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या लाइफ मासिकात या ल्यूरवर लेख आला. योगायोग असा की त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकत्याच वारलेल्या मेरिलिन मन्रोचा फोटो होता. अंक घरोघर गेला आणि रापालाच्या कारखान्याला मागणी पुरवता येईना.

आता चला नेवाडाच्या वाळवंटात. कोलोरॅडो या स्पॅनिश शब्दाचा अर्थच रंगीत, तांबूस. नदी लाल गाळाची होती म्हणून ते नाव. 1935 मध्ये हूवर धरण उभं राहिलं, पाणी थांबलं, गाळ खाली बसला आणि मागे तयार झाला लेक मीड. वाळवंटातला निवळ जलाशय. ऑक्टोबर 1971 मध्ये रे स्कॉट नावाच्या माणसाने इथे पहिली बासमास्टर क्लासिक स्पर्धा भरवली. हा अलाबामाचा विमा एजंट. त्याने 24 निवडक मासेमार विमानात बसवले आणि कुठे चाललोय ते विमान आकाशात गेल्यावर सांगितलं. सामानही फार घेऊ दिलं नव्हतं, दहा पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, बस्स. दहा हजार डॉलर एकाच विजेत्याला. विचार करा, आयुष्य दक्षिणेकडच्या झाडोऱ्याच्या, गढूळ तळ्यांवर गेलेला माणूस. पेटीत काय ठेवायचं हे त्याने पाणी न बघता ठरवलेलं. आणि समोर हे.

आता मला आवडलं असतं सांगायला की जिंकणाऱ्याने बारीक, पारदर्शक, नाजूक काहीतरी वापरलं. तसं झालं नाही. आर्कान्सॉच्या बॉबी मरे यांनी जिंकलं ते स्पिनरबेटवर. वाकवलेली तार, तिला गरगरणारी पत्र्याची पानं आणि खाली रबराची झालर. म्हणजे माझ्या पैठणीचा भाऊच म्हणा! निवळ पाण्यात साधंच वापरा हा नियम पहिल्याच मोठ्या परीक्षेत असा अडखळला. भर वेगात जाणारी चमक माशाला नीट बघू देत नाही, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण. मला ते पटतं. माझा नारिंगी ल्यूर मी कौतुकाने हळूहळू ओढत होते.

शास्त्रज्ञ काय म्हणतात? 1937 मध्ये इलिनॉयमध्ये फ्रँक ब्राउन यांनी बासला रंग ओळखायला शिकवून पाहिलं. त्यांचा निष्कर्ष असा की माणसाने पिवळसर काच डोळ्यांपुढे धरावी तसं याला दिसत असावं. हे सगळं छापलेलं होतं. पण 1980 च्या दशकात ओक्लाहोमा विद्यापीठाचे प्राध्यापक लोरेन हिल यांचं कलर-सी-लेक्टर नावाचं यंत्र बाजारात आलं, आणि लोकांनी बोटीबोटीवर ते घेतलं. वायरला बांधलेला सेन्सर पाण्यात सोडायचा, काटा हलायचा आणि आज कोणता रंग ते सांगायचा. निवळ पाण्याची पट्टी वेगळी, गढूळची वेगळी. पंचांगात बघून मुहूर्त काढावा तसं. यंत्राचा एक हिशोब खोटा नव्हता, पाण्यात खोल गेलं की आधी लाल रंग विझतो आणि तो करडा दिसू लागतो. पण मासा काट्याचं ऐकतोच असं नाही. ते यंत्र आता जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसतं.

2019 मध्ये पुन्हा इलिनॉयच्याच संशोधकांनी लार्जमाउथच्या डोळ्यात पाहिलं. रंग टिपणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, एक हिरव्याला आणि एक लालला जागणारी. शिकवलेल्या माशांनी लाल आणि हिरवा चांगले ओळखले. पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत ते गोंधळले, काळा आणि निळा यांतही. आता कुठल्याही दुकानाच्या भिंतीवर बघा, पोपटी-पिवळ्याच्या किती छटा टांगलेल्या असतात! त्या कोण बघतं, तर आपण.

मग निवळ पाण्यासाठी खरं काय बदललं? माझ्या मते, लोक एकेक गोष्ट काढून टाकत गेले. आधी दोरी. जपानच्या कुरेहा कंपनीने 1971 मध्ये फ्लुरोकार्बनची मासेमारीची दोरी आणली. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, या दोरीचा 1.42, नायलॉनचा दीडच्या वर. शाळेत काचेची कांडी तेलात बुडवून जवळजवळ अदृश्य झालेली पाहिली असेल, तेच तत्त्व. मग आकार घटला, मग रंग उडाला. 1949 मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनला निक क्रीम यांनी मऊ प्लास्टिकचा गांडूळ केला होताच. पुढे अ‍ॅरिझोनात पेज या गावी, लेक पॉवेलच्या काठी राहणारे गॅरी यामामोटो यांनी सेन्को आणला. आकार म्हणाल तर बॉलपेनचा, आणि तेच म्हणतात की पेनावरूनच सुचला. ना डोळे, ना शेपूट. आत भरपूर मीठ, त्यामुळे जड. पाण्यात टाकायचा आणि काहीही करायचं नाही. तो आडवा, किंचित थरथरत खाली जातो. माणसाने हात आवरायचा, एवढंच कौशल्य.

जपानचं नाव आलंच आहे तर थोडं तिकडे. 1925 मध्ये तेत्सुमा आकाबोशी या उद्योजकाने कॅलिफोर्नियाहून बास नेऊन हाकोनेच्या आशी सरोवरात सोडला. पुढे तो देशभर पसरला. तळी लहान, मासेमार उदंड, आणि प्रत्येक बासने प्रत्येक ल्यूर पाहिलेला. अशा चिकित्सक गिऱ्हाइकासाठी तिथे बारीक ल्यूर आणि ड्रॉपशॉट विकसित झाले. ड्रॉपशॉटमध्ये वजन तळाशी आणि आमिष त्याच्या वर, जागच्या जागी तरंगतं. 1990 च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत अमेरिकेत पोचली. त्याच जपानमध्ये 2005 पासून बास कायद्याने उपद्रवी परदेशी जीव आहे, कारण त्याने स्थानिक मासे फस्त केले. बिवा सरोवरात तर पकडलेला बास परत पाण्यात सोडायलाच बंदी. मला हे वाचून खाली बसावं लागलं. मिशिगनमध्ये काका प्रत्येक बास हळुवार परत सोडतात.

झारा स्पूककडे परत येते. तो पाण्याच्या वर नागमोडी चालतो. निवळ पाण्यात बास तो खूप खालून, लांबून बघतो, पण बघतो फक्त पोट आणि लाटा. रंगरंगोटी सगळी वर, आपल्याकडे. म्हणजे लपायचं नसेल तर बोलवायचं, हा दुसरा रस्ता. स्पिनरबेटही त्यातलाच.

आणि आता सेंट क्लेअर. हा तलाव नेहमी एवढा निवळ नव्हता. 1988 मध्ये इथे झेब्रा शिंपले सापडले, कॅस्पियन आणि काळ्या समुद्राकडचे, जहाजांच्या तोलाच्या पाण्यातून आलेले. एकेक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळू शकतो. कोट्यवधी झाल्यावर पाणी निवळलं, ऊन तळापर्यंत पोचलं, गवत वाढलं, मूळचे शिंपले मात्र मेले. 1990 मध्ये त्याच समुद्राकडून राउंड गोबी नावाचा तळाला चिकटून राहणारा तपकिरी मासा आला. स्मॉलमाउथ त्यावर चांगलेच पोसले. काका म्हणतात, माझ्या तरुणपणी इथे जे चालायचं ते आता चालत नाही.

त्या दिवशी दुपारी काकांनी मला बोटाएवढी, चिखलाच्या रंगाची पोकळ प्लास्टिकची नळी दिली, खालून झिरमिळ्या असलेली. ट्यूब म्हणतात तिला. 1970 च्या दशकात बॉबी गारलँड यांनी पश्चिमेकडच्या निवळ जलाशयांवर ती रूढ केली. तेव्हा या तलावात गोबी नव्हता, आणि आता ती हुबेहूब गोबी दिसते. मी ती तळाला टेकवली, दोनदा खरडली, थांबले. स्मॉलमाउथ आला. बघितलं. मी हात हलवला नाही, आणि हे सगळ्यात अवघड होतं. त्याने तोंड उघडलं तेही मला दिसलं.

माझी पैठणी अजून पेटीत आहे. पाऊस होऊन पाणी गढूळलं की काढीन म्हणते.

पुढच्या भागात याच तलावातल्या जहाजांच्या तोलाच्या पाण्याबद्दल बोलू.