रेशनच्या पिशवीत काय असतं, आणि तेच का?

मधुमेहाच्या पेशंटला मी विचारतो, “जेवणात काय असतं?” आमच्या नवी मुंबईत अनेकदा उत्तर येतं, “रेशनवर मिळतं तेच, डॉक्टर.” मग रेशनवर तेच का मिळतं, ते आज पाहू.

मुंबईत रेशनिंग आलं मे 1943 मध्ये. महायुद्ध चालू होतं, ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तिथला तांदूळ बंद झाला होता. शहर उपाशी राहू नये, एवढाच हेतू. म्हणून यादी मुख्यतः धान्य आणि साखरेची. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. घरातल्या आजीला तिच्या भाकरीबद्दल विचारून बघा, अजून तोंड वाकडं करेल!

1999 मध्ये पिवळी, केशरी, पांढरी कार्डं आली. पुढे 2013 चा अन्नसुरक्षा कायदा झाला: पात्र कुटुंबात माणशी महिन्याला 5 किलो धान्य, अंत्योदय कार्डाला 35 किलो. तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये किलो. जानेवारी 2023 पासून तेही मोफत. डाळ आणि तेल मात्र या हक्कात नाहीत; 2022 च्या दिवाळीत 100 रुपयांत मिळालेल्या ‘आनंदाचा शिधा’मध्ये चणाडाळ आणि पामतेल होतं, पण ते सणापुरतं.

आता हिशेब करा. 5 किलो म्हणजे रोजचे साधारण 165 ग्रॅम. त्यातून प्रथिनं मिळतात जेमतेम 15 ग्रॅम. 60 किलो वजनाच्या माणसाला लागतात सुमारे 50. म्हणजे रेशनने पोटाला आधार होतो, पण स्नायूंचं भागत नाही. धान्याचे जे पैसे वाचतात, ते आधी मूग, मटकी, चणे किंवा अंड्यांवर घाला. नुसता भात वाढवलात तर साखर वाढणारच.

आणखी एक. रेशनच्या तांदळात थोडे वेगळे दिसणारे दाणे असू शकतात. कुणी ते ‘प्लास्टिकचे’ म्हणून निवडून फेकतं. फेकू नका! ते तांदळाच्याच पिठाचे असतात. त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-12 असतं, साधारण शंभर दाण्यांमागे एक. राज्यातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे, त्यासाठीच ते घातलेत. घरात कुणाला थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असेल, तर मात्र हा तांदूळ त्यांना देण्याआधी डॉक्टरांना विचारा.