खटका कोणाच्या हाती

उत्तरेस सेलबारी-डोलबारीचे डोंगर आणि दक्षिणेस सप्तशृंग, मार्कंडेय, रवळ्या-जवळ्या व धोडप अशी शिखरे धारण करणारी सातमाळ्याची रांग, या दोहोंमधल्या गिरणेच्या खोऱ्यात जो कळवण तालुका पसरलेला आहे, त्याच्या जमिनीचा, पिकांचा आणि महसुलाचा वृत्तांत १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरपासून आजतागायतच्या सरकारी दफ्तरांत विपुल सापडतो. तेथील रात्रींचा वृत्तांत मात्र शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. सूर्यास्तानंतर माणसे कशाच्या उजेडात जेवली, कशाच्या उजेडात शिकली, आणि तो उजेड केव्हा व कोणाच्या हुकमाने मालवला गेला, हे प्रश्न इतिहासकारांना क्षुल्लक वाटत आले असावेत. अलीकडे पृथ्वीच्या तापमानवाढीची चिंता वाहणारे लोक मार्च महिन्यातील एका शनिवारी तासभर दिवे मालवण्याचे आवाहन करू लागल्यापासून या प्रश्नांना एकाएकी महत्त्व आले आहे. कारण दिवा मालवण्यात काही पुण्य असेल तर ते ज्याच्या हाती दिव्याचा खटका आहे त्यालाच लाभणार, आणि कळवणच्या हकिकतीत हा खटका बहुतेक काळ दुसऱ्याच कोणाच्या तरी हाती राहिला आहे.

जुन्या अमदानीत उजेड हा तेलाच्या मापाने मोजण्याचा जिन्नस होता. करडईचे, एरंडीचे किंवा पश्चिमेकडील कोकणा व भिल्ल वस्त्यांत मोहाच्या बियांचे तेल जितके घरात असेल तितकाच दिवा, आणि जेवणे आटोपली की तोही शांत करण्याचा शिरस्ता. रात्रभर तेवणारा दिवा फक्त देवापुढचा, आणि त्या नंदादीपाच्या तेलासाठी जमिनी इनाम देण्याची चाल असल्यामुळे देवस्थानांच्या सनदांत दिवाबत्तीची नेमणूक हे कलम आवर्जून आढळते. वरातीपुढे किंवा रात्री मुक्कामास आलेल्या अंमलदारापुढे मशाल धरण्याचे काम गावगाड्यात पुष्कळ ठिकाणी न्हाव्याकडे असे, म्हणजे उजेड हा प्रतिष्ठेचा भाग होता आणि त्याला बलुत्यात जागा होती. सामान्य माणसाचा रात्रीचा व्यवहार मात्र तिथीवर बेतलेला असे. सप्तशृंगगडाची मोठी यात्रा चैत्री पौर्णिमेला भरते आणि खानदेशातून पायी येणारे भाविक उन्हाचा ताप चुकवून रात्रीच्या वाटेने चालतात, यात श्रद्धेइतकाच चंद्रप्रकाशाचा हिशेबही असला पाहिजे, असे मला वाटते. त्याच उत्सवात दरेगावचे गवळी पाटील वंशपरंपरेच्या मानाने मध्यरात्रीच्या सुमारास गडाच्या उभ्या सुळक्यावर चढून कीर्तिध्वज लावतात. ज्या कड्यावर दिवसाउजेडी पाहणाऱ्याचीही दृष्टी ठरत नाही, तेथे हा मान रात्रीचाच असावा, ही गोष्ट अंधाराला निव्वळ उणीव समजणाऱ्या आधुनिक मनाने जरा थांबून पाहण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंबई बंदरात अमेरिकेचे आणि पुढे बाकूचे घासलेट उतरू लागले, पत्र्याच्या डब्यांतून ते तालुक्याच्या बाजारपेठांपर्यंत आले, आणि चिमणी व कंदील यांनी पणतीला देवघरात नेऊन बसविले. या बदलाचे एक अंग सहसा ध्यानात घेतले जात नाही : मोहाचे तेल पाड्यावरच गाळता येई, घासलेट गाळता येत नसे. उजेडाचा उगम प्रथमच तालुक्याच्या, नव्हे देशाच्या हद्दीबाहेर गेला. त्याचा प्रत्यय १९४२ मध्ये आला. ब्रह्मदेश जपानच्या हाती पडताच तेथून येणारे तेल बंद झाले, घासलेटाची टंचाई झाली, आणि हिंदुस्थान सरकारने १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सबंध देशाचे घड्याळ एक तास पुढे केले. मुंबईत शत्रूच्या विमानांच्या धास्तीने दिवे झाकले जात असताना खेड्यातला दिवा तेल नसल्यामुळे आपोआपच झाकला गेला. त्यासाठी वेगळ्या हुकमाची गरज पडली नाही. युद्ध संपले, पण घासलेटाचे मापी वाटप राहिले, आणि पुढे किती तरी वर्षे रॉकेलच्या कोट्याची आवक ही तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेतील एक नाजूक बाब होऊन बसली.

विजेची कथा कायद्यांच्या सनावळीने सांगावयाची तर ती थोडक्यात आटोपते : १९४८ चा वीज पुरवठा कायदा, १९६० साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, १९६२ पासून कोयनेची वीज, १९६९ चे ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ, आणि १९७० च्या सुमारास नाशिकजवळ एकलहरे येथे कोळशावर चालू झालेले औष्णिक केंद्र. परंतु सनावळीत न मावणारी एक मौज आहे, आणि कळवणसारख्या पाड्यापाड्यांच्या तालुक्यात तिचे मर्म विशेष कळते. १९९७ पर्यंत सरकारी व्याख्येनुसार एखाद्या गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकृत ठरे. म्हणजे शिवारातल्या एका विहिरीवर एक मोटार बसली की कागदावर साऱ्या मौज्यात उजेड पडे, मग गावठाणात आणि दोन कोसांवरच्या पाड्यात चिमणीच का मिणमिणत असेना. १९९७ साली वीज वस्तीत पोचली पाहिजे अशी दुरुस्ती झाली. २००४ साली शाळा, पंचायत यांसारख्या सार्वजनिक जागा आणि किमान १० टक्के घरे अशी अट आली. उरलेली ९० टक्के घरे काळोखात असूनही गाव प्रकाशमान म्हणवून घेण्याची ही सोय ज्याने काढली, त्याच्या व्याकरणास दाद दिली पाहिजे.

मोटार आधी आणि दिवा मागून, हा जो क्रम त्या व्याख्येत नकळत उमटला, तोच या तालुक्याच्या विजेच्या इतिहासाचा कणा आहे. ब्रिटिश अमदानीत गिरणेवर बांधलेला चणकापूरचा जलाशय आणि नदीवरचे जुने बंधारे यांच्या पाण्यावर जेवढे भिजे तेवढे भिजे. बाकीची बागायत विहिरीची, आणि विहिरीवरची मोट गेल्यानंतर ती सर्वस्वी विजेच्या पंपाची. १९७० च्या दशकात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी लागू झाली. मोटार तासभर चालो की रात्रभर, बिल तेच. कांद्याने आणि पुढे डाळिंबाने या सोयीचा पुरेपूर लाभ घेतला, यात शेतकऱ्याचा दोष काढण्याचे कारण नाही. ज्या वस्तूला माप नाही ती मापून वापरावी अशी अपेक्षा ठेवणे हेच भाबडेपणाचे.

२००५ नंतरची सात-आठ वर्षे भारनियमनाची. दाभोळचा प्रकल्प २००१ साली बंद पडला होता, नवी केंद्रे उभी राहिली नव्हती, आणि राज्यात ऐन गरजेच्या वेळी चार-पाच हजार मेगावॅटची तूट पडू लागली होती. ज्या विभागात गळती व थकबाकी अधिक तेथे अंधार अधिक, असे श्रेणीवार तक्ते ठरले; शहरांना तास मोजून व खेड्यांना हात सैल सोडून काळोख वाटला गेला. शेतीपंपांसाठीची थ्री फेज वीज आठवड्यातून काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री अशी पाळीने येऊ लागली, आणि थंडीत मध्यरात्री बॅटरीच्या उजेडात, बिबट्याच्या धाकात, पाणी भरायला जाण्याचा परिपाठ या खोऱ्यात पडला. लाईट केव्हा येईल याचा नेम नसल्यामुळे शेतकऱ्यांनी स्टार्टरला ऑटोस्विच जोडले. त्यामुळे वीज येताच शेकडो मोटारी एका क्षणी उठत, भार अंगावर येऊन डीपी जळे, आणि पुन्हा अंधार. ‘ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा’ ही महावितरणची विनवणी त्या काळापासून चालू आहे.

याच दिवसांत अक्षय प्रकाश योजना नावाची एक तजवीज महावितरणने राबविली, आणि माझ्या मते दिवे मालवण्याच्या साऱ्या जागतिक चळवळींत तिला मानाचे पान मिळावयास हवे. तिचा करार साधा होता : गावाने एकमताने ठरवावे की संध्याकाळच्या ऐन भाराच्या वेळात कोणीही मोटार चालवणार नाही, आणि त्या बदल्यात त्या वेळी घरांतले दिवे चालू राहावेत. भार ठरल्याबाहेर गेला की सवलत गेली. तेव्हा राखण करणारा वायरमन नव्हे, शेजारीच. पोरांनी दिव्याखाली बसून अभ्यास करावा म्हणून बापाने विहिरीवरची मोटार बंद ठेवावयाची, आणि तीही चुलत्याने चालू केली नाही ना हे पाहावयाचे, असा हा सामुदायिक संयम होता. राज्यातील अनेक गावांनी तो काही काळ पाळला. पुढे गावठाणाच्या व शेतीच्या वाहिन्या स्वतंत्र करण्याचे काम होत गेले आणि संयमाची गरज तारांनीच संपविली.

तालुक्याच्या गावांत संगणक शिरला तो नेमका या अंधाऱ्या पर्वात. तोपर्यंत कचेरीत नोकरी धरू पाहणाऱ्या मुलामुलींचे तीर्थक्षेत्र म्हणजे टंकलेखन संस्था. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा, मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांची गती, आणि लोखंडी यंत्रांचा तो एकसुरी खडखडाट. त्या यंत्राला विजेची पर्वा नव्हती; खिडकीशी ओढून घेतले की काम चाले. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केला, सरकारी नोकरीस संगणकाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले, आणि टंकलेखनाच्या पाट्यांशेजारी संगणकवर्गाच्या पाट्या लागल्या. शोल्सने १८७० च्या दशकात अमेरिकेत जुळविलेली कळांची मांडणी तीच राहिली, पण कळांची सत्ता बदलली. टंकयंत्राची कळ अक्षर उमटवी आणि तिचे काम संपे. संगणकाची कंट्रोल कळ शेजारणीला हाताशी धरून हुकूम सोडू लागली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात लॅरी टेसलर आणि टिम मॉट यांनी १९७० च्या दशकात कापणे, नकलणे व चिकटवणे या क्रियांना जे रूप दिले, ते एक्स, सी आणि व्ही या तळओळीतल्या सलग कळांवरून आता आश्रमशाळेतून आलेल्या मुलीच्या बोटांत उतरत होते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८० च्या दशकात प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला अशी आपल्या वर्णमालेला साजेशी मांडणी आहे. तरी मराठी मजकुरालाही हुकूम द्यावयाचा तो इंग्रजी अक्षरानेच.

या हुकमांत कंट्रोल आणि एस हा जोड अशा गावांत अग्रपूजेचा मान मिळवून होता, आणि त्याचे कारण कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. काचेच्या जाड नळीचे ते जुने पडदे पुष्कळ वीज खात, बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटे तग धरली तरी पुष्कळ, आणि भारनियमनाचा तक्ता पाळण्याची सक्ती तक्त्यावर नव्हती. तेव्हा दर वाक्यामागे डाव्या हाताने साठवणीचा हुकूम देण्याची सवय लागे. मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याला हे जोड वेळ वाचवण्याचे साधन म्हणून शिकविले जात. खेड्यात ते अंधार येण्याच्या आत काम वाचवण्याचे साधन होते. आजचे प्रोग्रॅम मजकूर स्वतःच जपतात, तरी त्या पिढीतल्या कारकुनांची बोटे दर वाक्यापाठोपाठ त्या दोन कळांकडे वळताना कोणत्याही कचेरीत पाहावयास मिळतील.

दिवे मालवण्याच्या तासाची प्रथा ३१ मार्च २००७ रोजी वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर या संस्थेने सिडनीत पाडली, आणि २००९ साली ती भारतात आली. रात्री साडेआठ ते साडेनऊ. महिना मार्च, कारण विषुवदिनाच्या आसपास दोन्ही गोलार्धांत सूर्य जवळजवळ एकाच स्थानिक वेळी मावळतो. २००९ साली राज्याच्या खेड्यांत रोज किती तरी तास दिवे दुसऱ्याच कोणीतरी मालवत होते. त्यांना आणखी एका तासाचा आग्रह करणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगणे होते. तशात हिशेबही पाहावा. आपल्या देशात एक युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कर्बद्विप्राणील वायू हवेत जातो. नऊ वॅटचा एलईडी दिवा तासभर मालवला तर सहा-साडेसहा ग्रॅम वाचतात. पाच अश्वशक्तीची मोटार तासभर थांबली तर अडीच किलोंहून अधिक. एक मोटार म्हणजे सुमारे चारशे दिवे. ज्या तालुक्यात विजेचा मोठा वाटा विहिरींकडे जातो, तेथे दिवा मालवून होणारे काम थोडे आणि अक्षय प्रकाशच्या काळातल्या त्या बंद मोटारींनी केलेले काम मोठे, मग त्यांच्या मालकांच्या मनात पृथ्वीचा विचार असो वा नसो.

सगळ्यांनी मिळून दिवे मालवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग हवामानासाठी झालाच नाही. ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री नऊला नऊ मिनिटे देशातले दिवे मालवले गेले, तेव्हा विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली. अंदाज १२-१४ हजारांचा होता. जलविद्युत केंद्रांनी आपले उत्पादन झपाट्याने उतरवून व पुन्हा चढवून जाळे सावरले. घरोघरीचा खटका एकत्र आला तर केवढा जड असतो, हे त्या रात्री भारप्रेषण केंद्रांत बसलेल्या अभियंत्यांनी पडद्यावर पाहिले.

अलीकडे खटक्याची जागा पुन्हा हलते आहे. २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना शेतीला दिवसा वीज देण्यासाठी, आणि २०२४ ची मागेल त्याला सौर कृषिपंप ही योजना तर पंपाला वाहिनीपासूनच सोडविणारी. सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावयाची, बाकीचे अनुदान. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय जेथे आहे त्या कळवणात ही सवलत पुष्कळांना लागू पडेल. बिल नाही, तक्ता नाही, वायरमनची वाट पाहणे नाही, रात्रीची पाळी नाही, खटका बांधावर. हवेत जाणारा वायूही नाही. आता दिवसभर विनामूल्य चालणारी मोटार कांद्या-डाळिंबाच्या या शिवारातल्या विहिरी कोठवर भरलेल्या ठेवील, याचा हिशेब भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण-विहिरींच्या नोंदींवरून काही वर्षांनी मांडावा लागेल.