सयाजीरावांची ठेव



श्रीमंत राजे आपल्या देशांत पुष्कळ झाले, आणि दानशूर राजांचीही वाण पडली नाहीं. परंतु दिलेल्या पैशाचें पुढें काय झालें, हें पाहणारा राजा विरळाच. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे तसे होते. त्यांच्या जमाखर्चाची वही आज आपण थोडी उघडून पाहूं.

नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवीं १८६३ सालीं एका शेतकरी कुटुंबांत गोपाळराव जन्मले. मल्हारराव पदच्युत झाल्यावर महाराणी जमनाबाईंनीं १८७५ सालीं त्यांस दत्तक घेतलें. बारा वर्षांच्या त्या मुलास तोंवर अक्षरओळखही बेताचीच होती. दिवाण सर टी. माधवराव व शिक्षक इलियट साहेब यांच्या देखरेखीखालीं तो शिकला, आणि १८८१ च्या अखेरीस त्याच्या हातीं राज्याचा पूर्ण अधिकार आला. उशिरां लाभलेल्या विद्येचें मोल त्यास विशेष कळलें, असें मला शिक्षकाच्या अनुभवावरून वाटतें.

महाराज विरक्त नव्हते. १८९० सालीं त्यांचा भव्य लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला. पण त्याच सालीं कारागिरी व यंत्रविद्या शिकविणारें कलाभवनही उघडलें. १८९३ मध्यें अमरेली भागांतील कांहीं गांवीं त्यांनीं सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू केलें, तें फळास येतें असें पाहून १९०६ सालीं सर्व राज्यास लागू केलें. ना. गोखले यांनीं १९११ सालीं असेंच विधेयक कलकत्त्याच्या कायदेमंडळांत मांडलें, तें सरकारनें मंजूर होऊं दिलें नाहीं. जें साम्राज्याला झेपलें नाहीं, तें एका संस्थानानें आधींच करून दाखविलें होतें. शिकलेला मनुष्य पुस्तकांवांचून पुन्हां निरक्षर होतो, हें ओळखून १९१० सालीं अमेरिकेहून बोर्डन नांवाचे ग्रंथपाल आणविले, आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांतून फिरूं लागल्या.

पैशाच्या व्यवहारांतही हीच दृष्टि होती. २० जुलै १९०८ रोजीं महाराजांच्या आश्रयानें बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. वसूल भांडवल दहा लाख रुपये. तिजोरींत निजलेला पैसा उद्योगाच्या कामीं यावा, हा हेतु. १९१३ नंतर देशांतील अनेक बँका बुडाल्या, ही तगली. १९६९ सालीं ती राष्ट्राच्या मालकीची झाली.

तथापि या वहींतील सर्वांत मोठी ठेव निराळीच आहे. १९१३ सालीं महाराजांनीं एका तरुण पदवीधरास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकावयास तीन वर्षें, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति दिली. परत येऊन दहा वर्षें संस्थानची नोकरी करावयाची, असा करार होता. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर.

१९१७ सालीं ते करारानुसार बडोद्यास आले. राजाच्या पैशानें शिकलेल्या त्या विद्वानास राजाच्याच राजधानींत राहावयास खोली मिळेना! नांव बदलून ते एका पारशी धर्मशाळेंत उतरले. अकराव्या दिवशीं लाठ्या घेतलेल्या लोकांनीं त्यांस तेथून घालवून दिलें. दरबारींही सोय लागली नाहीं. अखेर ते मुंबईस परतले.

ज्या महाराजांनीं अस्पृश्यांसाठीं शाळा काढल्या, त्यांचा हुकूम शेजाऱ्याच्या उंबऱ्याआंत पोंचला नाहीं. धनानें विद्या देतां येते, माणुसकी विकत घेतां येत नाहीं. म्हणून ती ठेव बुडाली काय? करार मोडला खरा. परंतु ६ फेब्रुवारी १९३९ रोजीं महाराज निवर्तल्यानंतर दहा वर्षांनीं, त्याच विद्यार्थ्यानें मसुदा समितीचा अध्यक्ष म्हणून भारताची राज्यघटना सिद्ध केली, आणि तींत अस्पृश्यता नष्ट केल्याचें कलम घातलें गेलें. बडोद्याच्या खजिन्याला जें व्याज मिळालें नाहीं, तें आपणां सर्वांच्या खातीं जमा झालें. त्या धर्मशाळेच्या दारांतील बाकी मात्र राजाला फेडतां येण्यासारखी नव्हती. ती तुम्हां आम्हांसच फेडावयाची आहे.