पिस्टनभोवतीची फट

आमच्या घरी वातीचा नव्हे, पंपाचा स्टोव्ह होता. पंप हवा धरेनासा झाला की आजी दांडा बाहेर ओढायची, टोकाला बसवलेल्या चामड्याच्या वाटीला खोबरेल तेल चोळायची, तिची कड बोटांनी जराशी फाकवायची आणि दांडा पुन्हा नळीत सारायची. दोन-चारदा दाबलं की स्टोव्ह फुरफुरू लागे. "वॉशर सुकला होता," एवढंच ती म्हणे.

गेल्या वर्षी धाकट्या भावाच्या टर्बो गाडीचं इंजिन आम्ही घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये खोललं, तेव्हा मला ती चामड्याची वाटी आठवली. गाडी निळा धूर सोडत होती आणि ऑइल पीत होती. कॉम्प्रेशन तपासलं तर चारपैकी तीन सिलिंडर एकसारखे, तिसऱ्या नंबरचा निम्म्यावर. हेड उतरवलं, खालचं ऑइल चेंबर सोडवलं, तिसरा पिस्टन वर ढकलून काढला. वरच्या दोन रिंगांच्या मधली अॅल्युमिनियमची पट्टी नखाएवढी तुटली होती. चुरा ऑइलबरोबर खाली गेलेला. पिस्टनचं डोकं मात्र शाबूत, जणू काही झालंच नाही.

पिस्टन कसा बदलायचा हे शिकता येतं. पण तो तिथेच का तुटला हे कळायचं तर त्याच्या कुळापर्यंत मागे जावं लागतं.

शब्दापासून सुरुवात करतो. इंग्रजीने पिस्टन फ्रेंचकडून घेतला, फ्रेंचने इटालियनकडून, आणि इटालियनमध्ये त्याचा मूळ अर्थ मोठं मुसळ. मागे कुटणं-कांडणं या अर्थाचा लॅटिन धातू आहे. त्या धातूचा संस्कृतमधला सख्खा भाऊ 'पिष्'. त्यावरून पिष्ट, आणि पिष्टावरून आपलं पीठ. गिरणीतलं पीठ आणि इंजिनातला पिस्टन एका कुळातले आहेत, हे मला कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता. शाळेच्या पुस्तकात मात्र आपण त्याला दट्ट्या म्हणतो, आणि मला तो शब्द जास्त नेमका वाटतो. मुसळाला उखळाच्या भिंतीशी काही देणंघेणं नसतं. दट्ट्याचं सगळं आयुष्य भिंतीशी असतं. तो दाटून बसला पाहिजे आणि सरकलाही पाहिजे.

दट्ट्याचे पाण्याचे पंप फार जुने. अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तसा पंप केला होता. इंजिनाकडे जाणारी वाट मात्र १६९० साली फुटली. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने नळकांड्यात थोडं पाणी घेतलं, त्याची वाफ करून दट्ट्या वर चढवला, मग वाफ थंड होऊ दिली. आत पोकळी झाली आणि बाहेरच्या हवेने दट्ट्या खाली दाबला. १७१२ साली इंग्लंडात डडली कॅसलजवळच्या कोळसा खाणीवर थॉमस न्यूकोमेनने त्यातून खरंखुरं काम करणारं इंजिन उभं केलं. त्याचं पितळी नळकांडं २१ इंच व्यासाचं. एवढं मोठं नळकांडं आतून अचूक गोल करणं त्या काळी कुणालाच जमत नव्हतं. म्हणून न्यूकोमेनने दट्ट्याभोवती चामडं लावलं आणि वर पाण्याचा थर ठेवला. फटीतून हवेऐवजी पाणी झिरपे आणि चामडं ओलं राही. आजीच्या स्टोव्हमध्ये चामड्याचं तेच काम होतं.

जेम्स वॉटने इथे नवी अडचण ओढवून घेतली. कोळसा वाचवायचा तर नळकांडं सतत तापलेलं हवं, हे त्याने ओळखलं. पण मग वर पाणी कसं ठेवणार? पाणी गेलं आणि फट उघडी पडली. त्याने नाना तऱ्हेचं भरण वापरून पाहिलं. शेवटी चरबीत भिजवलेला ताग दट्ट्याभोवती ठासून काम निभावलं. शिमग्याला वेळूच्या पिचकारीच्या काडीला आपण चिंधी गुंडाळायचो, तोच हा उपाय. खरी सुटका जॉन विल्किन्सनने केली. तोफांच्या नळ्या कोरण्यात तो तरबेज होता. १७७५ च्या सुमारास त्याने कोरण्याचा दांडा नळकांड्यातून आरपार घेतला आणि दोन्ही टोकांना आधार दिला, त्यामुळे हत्यार लवेना. त्याने कोरलेल्या ५० इंची नळकांड्यात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक नाही, असं वॉटच्या भागीदाराने, मॅथ्यू बोल्टनने, कौतुकाने लिहून ठेवलं आहे. एका नाण्याची जाडी ही तेव्हा अचूकपणाची कमाल होती.

ताग जळतो, झिजतो, पुन्हा पुन्हा ठासावा लागतो. १८५२ साली मँचेस्टरच्या रेल्वे कारखान्यातल्या जॉन रॅम्सबॉटमने तो काढून टाकला. त्याने दट्ट्याला खाचा पाडल्या आणि त्यांत धातूची कडी बसवली. कडी अखंड नव्हती, एका जागी चिरलेली होती आणि नळकांड्यापेक्षा किंचित मोठी होती. दाबून आत घातली की ती स्वतःच्या ताणाने भिंतीला चिकटून राही, झिजली तरी फाकून जागा भरून काढी. आजी चामड्याची कड फाकवायची तेही याचसाठी. आजच्या प्रत्येक पिस्टन इंजिनातली रिंग रॅम्सबॉटमच्या त्या कडीची वंशज आहे, आणि तिची ती चीरही तशीच चालत आली आहे. ती चीर लक्षात ठेवा.

पुढे आग खुद्द नळकांड्यात शिरली आणि १८७६ साली निकोलाऊस ऑटोचं चार फेऱ्यांचं इंजिन आलं. पिस्टन बिडाचेच राहिले, जड आणि गरम. १९१३ साली वॉल्टर ओवेन बेंटली हा तरुण इंग्रज एका फ्रेंच मोटार कारखान्यात गेला होता. तिथल्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला पिस्टनच्या आकाराचा छोटा ठोकळा त्याने उचलला. तो अॅल्युमिनियमचा होता. त्याच धातूत बारा टक्के तांबं मिसळून त्याने खरे पिस्टन ओतवून घेतले, शर्यतीच्या गाडीत घातले, आणि महायुद्ध सुरू झाल्यावर ती कल्पना विमानांच्या इंजिनांपर्यंत पोचवली. अॅल्युमिनियम हलका, उष्णता झटकन बाहेर नेणारा. पण तापला की बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. म्हणजे दोनशे वर्षं जी फट बुजवण्यासाठी माणसं झटली, ती आता मुद्दाम सोडावी लागली. मग पिस्टन पूर्ण गोल ठेवणंही बंद झालं. तो किंचित लंबगोल आणि वरच्या बाजूला निमुळता घासतात, म्हणजे तापल्यावर बरोबर बसतो.

टर्बोची मूळ कल्पनाही तितकीच जुनी. आल्फ्रेड ब्यूची या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवायचं आणि त्याच्या दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात हवा कोंबायची. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉसने पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर विमानाचं इंजिन नेऊन, विरळ हवेतही ते टर्बोने पुरी ताकद देतं हे दाखवलं. कारमध्ये टर्बो यायला १९६२ साल उजाडलं. त्या वर्षीच्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये पाणी आणि मेथिल अल्कोहोल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. दाबलेली हवा तापते, आणि तापलेलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यात स्वतःहून भडकतं. तो धक्का हातोड्यासारखा पिस्टनवर बसतो. ते टाळायला ही शिंपडणी होती. बरेच मालक टाकी भरायचं विसरत, मग गाडी टर्बोचा दाब आपोआप कमी करी. १९८२ मध्ये स्वीडनच्या साबने हा धक्का 'ऐकणारा' सेन्सर टर्बोशी जोडला, आणि इंजिन स्वतःच सांभाळून घेऊ लागलं.

आता पुन्हा आमच्या शेडमध्ये येतो. जुन्या रिंगा मी फेकायला निघालो होतो. आमच्या मदतीला असलेल्या मिस्त्रीकाकांनी एक हातात घेतली, चिरेची दोन्ही टोकं उजेडात धरली. "बघ, चकाकतायत का?" टोकं घासून चकचकीत झाली होती. "एकमेकांना भिडलीत. आधीच्या मालकानं दाब वाढवून घेतला असणार. रिंग तापली, लांबली, पसरायला जागा नाही. मग ती पट्टीलाच मारते." रॅम्सबॉटमची चीर बंद झाली होती. तुटलेल्या नखाएवढ्या तुकड्याचं कारण हे होतं, आणि ते न समजता नुसते नवे पिस्टन घातले असते तर पावसाळ्याच्या आत पुन्हा इंजिन खोलावं लागलं असतं.

भावाने घडीव पिस्टन मागवले. त्यांचा धातू पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश 'वाय' मिश्रधातूच्या घराण्यातला. त्याच घराण्यातल्या आर. आर. ५८ या धातूने पुढे कॉन्कॉर्ड विमानाचं अंग घडवलं. चिवट आहे, पण फुगतो जास्त, म्हणून फटही जास्त मागतो. ब्लॉक उद्यमनगरात नेऊन अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज बोअर करून घेतला. हे काम घरी होत नाही, करूही नये. बोअरवाल्याला आधी पिस्टन दिले, मग ब्लॉक. प्रत्येक पिस्टन गजन पिनेच्या काटकोनात मोजला आणि त्याच्या मापाने त्याचं त्याचं नळकांडं कोरलं. फट ०.०८ मिलिमीटर, साधारण एका केसाची.

बाकी सगळं घरी केलं. नवी रिंग पिस्टनवर न चढवता आधी नुसती नळकांड्यात ठेवायची, उलट्या पिस्टनने ढकलून सपाट करायची आणि चिरेत फिलर गेजची पाती घालायची. आमच्या ८२.५ मिलिमीटरच्या बोअरला टर्बोसाठी ०.४ च्या आसपास चीर हवी होती. पहिल्या रिंगेत ०.३ ची पातीच अडकली. बारीक कानशीने एकाच टोकाला, बाहेरून आत अशा दिशेने चार हात, पुन्हा मोजायचं, पुन्हा चार हात. उलटा हात मारला तर कडेचा मुलामा उडतो. चार सिलिंडरच्या वरच्या आणि दुसऱ्या मिळून आठ रिंगांना आमची पूर्ण संध्याकाळ गेली. दुसऱ्या रिंगेची चीर आम्ही वरचीपेक्षा थोडी मोठी ठेवली, दोन्हींच्या मधे वायू कोंडू नये म्हणून. काका पाती घालून बघत आणि काही न बोलता रिंग पुढच्या सिलिंडरच्या नावाने कागदावर ठेवत. मग पिस्टन तेलात बुडवून, पट्ट्याने रिंगा आवळून, हातोड्याच्या लाकडी दांड्याने हळूच खाली.

आठवड्याने इंजिन गाडीत बसलं. गार इंजिन सुरू झालं तेव्हा आतून बारीक टकटक ऐकू येत होती. भावाचा चेहरा उतरला. काकांनी हाताने थांब म्हटलं. अॅल्युमिनियम अजून आकसलेला होता, पिस्टन त्या केसभर फटीत भिंतीवर आपटत होते. पाण्याचा काटा हळूहळू चढला. पिस्टन फुगत गेले, टकटक विरळ झाली, आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला थांबली.