दोन बांध

आपल्या ताटांत पडणारी सोलापुरी ज्वारीची भाकरी पांढरीशुभ्र असते. पण ती ज्या जमिनींतून येते, ती काळीभोर असते. सोलापूरच्या दक्षिणेस, सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यांत मंद्रूप हें गांव आहे. या नद्या पुढें कुडलपाशीं एकमेकींस मिळतात, आणि तेथील संगमेश्वराच्या देवळांत शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. म्हणजे हजार वर्षांपूर्वींही हा मुलूख नांदता होता. इतक्या पिढ्यांनीं कसलेली माती पुढच्या पिढीच्या हातीं जशीच्या तशी कशी द्यावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

रब्बी ज्वारी ही मोठी सोशिक. बहुतेक पाऊस होऊन गेल्यावर, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास तिची पेरणी होते आणि जमिनीच्या पोटांतल्या ओलीवर ती वाढते. वर्षाचा पाऊस सरासरीनें २८ इंचांच्या आसपास, आणि तोही लहरी. पाणी शेतांत मुरलें तर दाणा पदरांत पडतो. वाहून गेलें तर तें मातीही घेऊन जातें.

१८७६-७७ च्या दुष्काळांत हा जिल्हा होरपळून निघाला. त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यास सावकारापासून संरक्षण देणारा कायदा झाला, आणि १८८३ सालीं विहिरी, ताली अशा कामांसाठीं तगाई देणारा. दोन्ही कायदे उपयोगाचे होते. परंतु त्यांची नजर एकेका खातेदारावर होती. पाणी मात्र खातेदार ओळखीत नाहीं!

समजा, वडिलांचें रान तीन भावांत वाटलें गेलें. प्रत्येकास थोडी वरची हलकी आणि थोडी खालची भारी जमीन मिळावी म्हणून उताराच्या दिशेनें उभ्या पट्ट्या पाडल्या. न्याय चोख झाला. पण हद्दीचे बांधही उताराच्या दिशेनें पडले आणि पाण्यास धांवण्याची वाट मोकळी झाली. माती अडविणारा समपातळीचा बांध आडवा जातो. तो तिघांच्याही शेतांतून जाणार. त्याखालीं जागा कोणाची किती जावी? फुटला तर माती कोणीं टाकावी? हद्दीचा बांध भावांस वेगळें करतो, पातळीचा बांध त्यांस पुन्हां एकत्र बांधतो. आणि भाऊबंदकीला नेमकें हेंच नको असतें.

१९३३ सालीं सोलापुरास कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें. शेतांतून किती पाणी आणि किती माती वाहून जाते, याचीं मोजमापें तेथें होऊं लागलीं. पुढें १९४२ सालीं मुंबई सरकारनें जमीन-सुधारणा योजनांचा कायदा केला. सबंध क्षेत्राची एक योजना आंखावी, ती जाहीर करावी, हरकती ऐकाव्यात, आणि मग ती सर्वांवर बंधनकारक व्हावी, अशी त्याची रचना होती. बांधाची दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी. ती त्यानें टाळल्यास काम करवून खर्च त्याजकडून वसूल होई.

हलक्या आणि मध्यम जमिनींत या बांधांनीं चांगलें काम केलें. खोल काळ्या रानांत मात्र निराळेंच घडलें. तेथें पाणी हळूहळू मुरतें. तें बांधाच्या पोटाशीं तुंबून राही आणि पीक पिवळें पडे. उन्हाळ्यांत जमिनीप्रमाणें बांधालाही भेगा पडत आणि पहिल्या मोठ्या पावसांत तो फुटे. मग कांहीं शेतकरी स्वतःच बांध फोडूं लागले. कायद्याच्या दृष्टीनें ते दोषी होते, आणि खालच्या शेजाऱ्याचें त्यांनीं नुकसान केलें, हेंही खरें. पण डोळ्यांदेखत पीक कुजूं द्यावें, असें तरी त्यांस कोणीं सांगावें? पुढें शास्त्रानेंच त्यांची तक्रार मान्य केली. भारी काळ्या जमिनीस समपातळीचा बांध मानवत नाहीं. तिला किंचित उतार दिलेला ढाळीचा बांध हवा आणि जादा पाणी सुखरूप काढून देणारा गवताळ सांडवा हवा. बांध फोडणारा हात नियमाविरुद्ध होता. पण नियमांत काय चुकलें, हें त्या हातानेंच दाखवून दिलें.

परंतु ढाळीच्या बांधाचें पाणी अखेर शेजाऱ्याच्या रानांतूनच जावयाचें. म्हणजे उपाय सुधारला, तशी सलोख्याची गरज वाढली. १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा आला, तरी वाटण्या थांबल्या नाहींत. १९७२ च्या दुष्काळांत रोजगाराच्या कामांवर लोकांनीं बांध घातले, तलाव खोदले. पण सरकारनें बांध घालून दिला तरी दरवर्षीं त्यावर चार पाट्या माती टाकणारा हात घरचाच लागतो. २००९ च्या भूजल कायद्यानें, जो २०१४ पासून अमलांत आला, खोल विहिरींवर निर्बंध घातले. तेथेंही प्रश्न तोच आहे. जमिनीखालचें पाणी गट नंबर पाहून वाहत नाहीं.

श्रोतेहो, आपल्यापैकीं अनेकांचें नांव आजही गांवच्या सात-बाराच्या उताऱ्यावर असेल. उद्यां वाटणीपत्र करण्याची वेळ आली, तर प्रत्येकाची हद्द लिहाच. पण त्याखालीं आणखी एक ओळ लिहा. आडवा बांध कोणीं राखावा, आणि सांडव्याचें पाणी कोणाच्या रानांतून जाऊं द्यावें, एवढीच. ही ओळ भावांनीं आपखुषीनें लिहिली, तर कायद्याला त्यांच्या दारीं फारसें यावें लागणार नाहीं.