नरनाळा : किल्ला कुणाचा?

अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरावर नरनाळा किल्ला आहे. आज तो मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पायथ्याच्या शहानूर गावाजवळ वनखात्याच्या फाटकावर नोंद केली, तेव्हाच मला वर जाता आलं. एके काळी ही राखण शिबंदीची होती, आता वनरक्षकांची आहे.

इतिहासकार फरिश्ता याच्या म्हणण्यानुसार बहमनी सुलतान अहमदशहा वलीने 1425च्या सुमारास या किल्ल्याची दुरुस्ती केली. इथला महाकाली दरवाजा पाहताना मी बराच वेळ थांबलो. पांढरट वालुकाश्म, कोरलेली कमळं, झरोके आणि वर अरबी अक्षरं. 1487 साली हा दरवाजा फतहुल्लाह इमाद-उल-मुल्कने बांधला. पुढे 1490मध्ये वऱ्हाडची इमादशाही स्थापन करणारा तो हाच.

हा फतहुल्लाह कोण होता? फरिश्ता सांगतो, तो विजयनगरच्या मुलखातला, जन्माने हिंदू. लढाईत पकडला गेला आणि वऱ्हाडच्या सुभेदाराकडे मुसलमान म्हणून वाढला. मग या दरवाज्याला आपण काय म्हणायचं? नाव महाकालीचं, लेख अरबी, नक्षीत कमळ आणि बांधणारा असा. किल्ल्यांना धर्माच्या रकान्यात बसवण्याची घाई झालेल्यांनी एकदा इथं यावं.

1574मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने इमादशाही संपवली. निजामशहा मुसलमान आणि इमादशाहही मुसलमान. लढाई राज्यासाठी होती, दीनासाठी नव्हे. पुढे मोगल आले. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त नरनाळा हे वऱ्हाड सुभ्याचं एक सरकार म्हणून नोंदलेलं आहे. त्यानंतर मराठे आले, शेवटी इंग्रज.

या सगळ्या सत्ता गेल्या. उरले ते तलाव. शिबंदीला वेढ्यात पाणी पुरावं म्हणून डोंगरमाथ्यावर खोदलेले हे तलाव आता रानातल्या जनावरांच्याही उपयोगी पडतात. गडावर बुऱ्हाणुद्दीन यांची कबर आहे. लोक त्यांना बाघसवार वली म्हणतात, म्हणजे वाघावर स्वार होणारे. वाघांसाठी राखलेल्या जंगलात हे नाव ऐकताना मला आनंद झाला.

आपल्या मुलांना हा किल्ला जरूर दाखवा. ‘हा आमचा’ किंवा ‘हा त्यांचा’ असं सांगू नका. दरवाज्यासमोर उभं करा आणि वरची अक्षरं व खालची कमळं दोन्ही दाखवा.