फेसबुक, पण कोणत्या सालचं?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, ‘सोशल नेटवर्किंग साइट्सचा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील परिणाम’ हा विषय तुमच्यापैकी कोणाच्या तरी सिनॉप्सिसमध्ये नक्की असणार. विषय चांगला आहे. अडचण असते ती त्यातल्या इतिहासाच्या प्रकरणात. 1997 सिक्सडिग्रीज, 2002 फ्रेंडस्टर, 2003 मायस्पेस, 2004 ऑर्कुट आणि फेसबुक अशी सनावळी दिली की प्रकरण संपतं. या यादीतून असा समज होतो की साइट एकदा सुरू झाली आणि बंद पडेपर्यंत तशीच राहिली. प्रत्यक्षात नाव तेच राहतं आणि आतली साइट बदलत जाते. आज हेच पाहू.

आधी व्याख्या. डॅना बॉइड आणि निकोल एलिसन यांनी 2007 मध्ये केलेली व्याख्या आजही सर्रास वापरली जाते. त्यांच्या मते अशा साइटवर तीन गोष्टी करता येतात: स्वतःचं प्रोफाइल तयार करणं, आपण कोणाशी जोडलेलो आहोत त्याची यादी ठेवणं, आणि स्वतःची व इतरांची अशी यादी पाहत पुढे पुढे जाणं. यातली तिसरी गोष्ट महत्त्वाची. प्रोफाइल आधीही होती, आयसीक्यूसारख्या मेसेंजरमध्ये मित्रांची यादीही होती. पण ती यादी इतरांना दिसत नसे. सिक्सडिग्रीजने प्रोफाइल आणि यादी एकत्र आणली आणि 1998 पासून दुसऱ्यांच्या याद्या पाहण्याची सोय दिली. म्हणजे व्याख्येच्या मुळाशी प्रश्न आहे तो ‘कोणाला काय दिसतं’ हा.

आता हाच प्रश्न फेसबुकला लावून पाहा. फेब्रुवारी 2004 मध्ये ते फक्त हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालं. नंतर इतर कॉलेजं आली, 2005 मध्ये शाळा आल्या. तोपर्यंत मित्राचं काय चाललंय हे कळायला त्याच्या पानावर जावं लागत असे. 5 सप्टेंबर 2006 ला ‘न्यूज फीड’ आलं आणि मित्रांच्या हालचाली आपोआप समोर येऊ लागल्या. लाखो विद्यार्थी चिडले, आणि तो निषेध त्यांनी फेसबुकवरच गट काढून नोंदवला. गंमत बघा, एकही नवी माहिती उघड झालेली नव्हती. जे शोधून पाहावं लागत होतं ते हातात आणून दिलं, एवढाच काय तो फरक. तरी कंपनीला काही दिवसांत माफी मागून खासगीपणाच्या नव्या सोयी द्याव्या लागल्या. त्याच महिन्याच्या 26 तारखेला तेरा वर्षांवरच्या, ईमेल असलेल्या कोणालाही फेसबुक खुलं झालं. एका महिन्यात साइट आतून आणि बाहेरून बदलली. नाव मात्र तेच.

याचा तुमच्याशी काय संबंध? एलिसन, स्टाइनफील्ड आणि लँप यांचा फेसबुक आणि सामाजिक भांडवल यांवरचा प्रसिद्ध निबंध तुम्ही वाचाल. त्यात मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या 286 विद्यार्थ्यांची उत्तरं आहेत. फेसबुकच्या वापराचा सर्वांत ठळक संबंध त्यांना दूरच्या, सैल ओळखींतून मिळणाऱ्या फायद्यांशी दिसला (संबंध; कार्यकारण नव्हे, हेही लक्षात ठेवा). निबंध छापला गेला 2007 मध्ये, पण सर्वेक्षण झालं एप्रिल 2006 मध्ये. म्हणजे न्यूज फीडच्या आधी आणि साइट सगळ्यांना खुली होण्याच्याही आधी.

वापर मोजण्यासाठी त्यांनी बनवलेली प्रश्नावली आजही उचलली जाते. काही दिवस लॉग इन केलं नाही तर आपण तुटल्यासारखं वाटतं का, अशा आशयाचं एक विधान तिच्यात आहे. मोबाइलवर अ‍ॅप कायम उघडं असणाऱ्या आजच्या मुलाने याला काय उत्तर द्यायचं? तो आकडा भरेल, सॉफ्टवेअर सरासरीही काढून देईल, पण आपण नेमकं काय मोजलं हे सांगता येणार नाही. आम्हा विज्ञानवाल्यांना प्रयोगवहीत तापमान, दाब, तारीख लिहायची सवय असते, कारण परिस्थिती बदलली की वाचन बदलतं. इथे साइटची रचना हीच ती परिस्थिती.

आणि काही वेळा साइटच उरत नाही. आपल्याकडच्या एका पिढीने पहिली ऑनलाइन ओळख केली ती ऑर्कुटवर. 30 सप्टेंबर 2014 ला ते बंद झालं. सार्वजनिक कम्युनिटींचा संग्रह काही काळ पाहता येत होता, नंतर तोही काढला. आज त्या काळावर लिहायचं तर लोकांच्या आठवणी, जुनी छायाचित्रं आणि तेव्हाच्या बातम्या यांवरच बरंचसं अवलंबून राहावं लागेल.

म्हणून कोणताही निबंध वाचताना प्रकाशनाच्या सालावर थांबू नका. माहिती कधी गोळा केली ते ‘पद्धती’च्या भागात शोधा आणि तेव्हा साइटवर कोणाला काय दिसत होतं ते शेजारी लिहा. स्वतःचं सर्वेक्षण सुरू कराल त्या आठवड्यात साइटच्या रचनेचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा, त्यात कोणाची खासगी माहिती येणार नाही हे पाहून. काम अर्ध्या तासाचं आहे. पाच वर्षांनी तुमचा प्रबंध उघडणाऱ्याला मात्र तेवढ्यावरून कळेल, तुम्ही कोणत्या फेसबुकबद्दल बोलत होतात.